तीन दारांच्या बिजागऱ्या

माझ्या धाकट्या पोराला, आदिनाथाला, खोटं बोलता येत नाही असं सगळं दिंद्रुड गाव म्हणतं. खरंच येत नाही. पण त्याला गप बसता येतं, आणि ते खोट्याहून वाईट. खोटं बोलणाऱ्याला निदान तोंड तरी उघडावं लागतं, मग त्याला धरता येतं. हा काम करून मोकळा होतो, पाठ फिरवतो, आणि आपण बसायचं अर्थ लावत.

मी दुसरीतून शाळा सोडली, पण डोळे शाळेत ठेवून आले नाही.

त्या दिवशी सकाळी त्यानं सिरसाळ्याहून हरिओम सुताराला बोलावलं, स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या बिजागऱ्या बदलायला. ओट्याखाली एका ओळीत पाच कपाटं आहेत. माझ्या थोरल्यानं, अजिनाथानं, हौसेनं करून घेतलेली. पाणी लागून लागून प्लायवूड फुगलं, स्क्रूंनी जागा सोडली, दारं लोंबायला लागली. अजिनाथ असता तर स्क्रूच्या भोकात काडीपेटीच्या काड्या घालून त्यानं ती कधीच आवळली असती. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. कावीळ झाली, तर आधी गळ्यात मंतरलेली माळ घालून झाडपाला पीत बसला. बीडला नेईपर्यंत डोळे हळदीसारखे झाले होते. तेव्हापासून या घरात जे लोंबलं ते लोंबतच राहिलं.

म्हणून सुतार बघून मला बरं वाटलं. धाकट्याला घर दिसायला लागलं, म्हटलं.

हरिओमनं खिडकीकडून सुरुवात केली. खिडकीखाली नळ आहे, त्याच्याखालचं पहिलं कपाट. मग दुसरं. जुन्या बिजागऱ्या गंजून त्यांचे पापुद्रे सुटत होते. जुनी भोकं त्यानं फेविकॉल आणि लाकडाचा भुसा कालवून बुजवली, नव्या बिजागऱ्या बसवल्या. मधल्या, तिसऱ्या दाराला मात्र त्यानं निराळंच केलं. या कडेच्या बिजागऱ्या काढून त्या कडेला लावल्या. दार आता उलटं उघडायला लागलं. तेवढं झालं आणि तो हत्यारं पिशवीत भरायला लागला.

उरलेली दोन दारं कोण करणार, असं मी विचारलं. आदिनाथदादांनी तीनच सांगितलीत, म्हणाला. बरं, मग हे मधलं उलटं कावून लावलंस? त्यानं पिशवी खाली ठेवून मी दिलेला चहा हातात घेतला.

"काकू, मधी भिंत आल्यावर ते तिकडून उघडंल का? तुमाला ठावं असंल की."

मला ठावं नव्हतं. मी मान हलवली, ठावं असल्यासारखी. माझ्याच घरातलं मला ठावं नाही, हे सुतारापुढं काय म्हणून दाखवायचं?

तो गेल्यावर मी खाली वाकून बघितलं. तिसऱ्या आणि चौथ्या कपाटाच्या मध्ये फरशीपासून वर स्लॅबपर्यंत पेन्सिलीची रेघ होती. सकाळची नव्हती, पुसट झालेली होती. मी आणि थोरली सून माजलगावच्या बाजाराला गेलो होतो, तेव्हा कधीतरी ओढली असणार. रेघेच्या त्या अंगाला खिडकी, नळ, परसाचं दार आणि चकचकीत बिजागऱ्यांची तीन कपाटं. या अंगाला गॅसची टाकी, नुसती भिंत आणि दोन लोंबती दारं. म्हणजे त्या अंगाला आदिनाथ, आणि या अंगाला अजिनाथाची बायको शिवकन्या आणि तिची पोरगी.

शिवकन्या तिथंच परातीत कणीक मळत होती. पाचव्या कपाटात तिचे पिठाचे डबे असतात. दार निखळून पडू नये म्हणून ती त्याला गुडघा लावायची आणि एका हातानं डबा ओढायची. कधी ते निसटून आपटायचं. वर्षभर मी बाहेरून ओरडत होते, दारं आपटू नको, घर तुझ्या बापाचं न्हाई. एकदा आत येऊन वाकून बघितलं नाही. ही चूक माझीच.

मी तिला विचारलं, तुला भिंतीचं माहीत होतं का. तिनं हो म्हणून मान हलवली.

"मग मला कावून बोलली न्हाईस?"

तिचा हात कणकेतच होता. "मला वाटलं, तुमीच सांगितलंय भावजींना, आत्याबाई."

या घरात मला कुणी उलट बोललेलं चालत नाही. हे उलट बोलणंही नव्हतं.

दुपारी आदिनाथ जेवायला बसला. त्याची बायको करिष्मा वाढत होती. मी समोर बसले आणि भिंतीचं काढलं. तो चिडला नाही. वहिनीला काढून थोडंच लावतोय, म्हणाला. तिची चूल तिची राहील, पोरगी मोठी होतेय, पुढं भांडण नको. सगळं सरळ, सगळं समजुतीचं. आणि मी काय भिंतीला नको म्हणत नव्हते. दोन चुली कुठल्या घरात होत नाहीत? मी एवढंच विचारलं, की वाटे कुणी पाडले.

"मीच. आता दुसरं कोण हाय?"

मग मी त्याला त्याच्या बापाचं सांगितलं. माझा मालक रामहरी आणि त्याचा धाकटा भाऊ तात्याबा यांनी रान वाटलं, तेव्हा बांध आमच्या मालकानं घातला, कारण तो थोरला. आणि आधी उचलायला सांगितलं तात्याबाला. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. तात्याबानं विहिरीकडचं उचललं. आमचा माणूस घरी आला, हातपाय धुतले, भाकरी खाल्ली, आणि पुढं मरेपर्यंत त्या विहिरीचं नाव काढलं नाही. ही रीत आदिनाथाला माहीत आहे. दुसऱ्यांच्या वाटण्यांना गाव त्याला बोलावतं, तिथं तो हीच सांगतो.

करिष्मानं वाटी खाली ठेवली. दारामागून शिवकन्या म्हणाली, की मला कुठलीबी बाजू चालंल. मी तिला गप केलं. चालवून घेणाऱ्या बाईला लोक आणखी अंधारात ढकलतात.

मग मी आदिनाथाकडं वळले.

"भिंत तू आखलीस तिथंच घाल, आदिनाथ. एक बोटबी सरकवू नको. पण वाटे पाडलेस तू, म्हंजी आधी शिवकन्या उचलंल, आन् ती खिडकीकडचं उचलंल. अजिनाथाची जागा घ्यायची तुला लई घाई झालती न्हवं? घेतलीस. आता थोरल्यासारखं उरलेलं घे, आन् तोंड उघडू नको. ते तुला चांगलं जमतं."