अठरा घरांची चूप

"बोललीस की सौदा सुरू झाला, पोरी. नको असेल त्यानं तोंड उघडू नये. तळवा जमिनीला लावावा आणि बसावं."

आत्याचा हा आवाज मी सात वर्षांची असताना कानात पडला, तो अजून तिथंच ठाण मांडून आहे. उतारावरच्या आमच्या अठरा घरांची बैठक झऱ्यापाशी भरायची. ज्याला हवं तो बोलायचा, ज्याला शंका तो भांडायचा, आणि ज्याला मान्य नाही तो गप्प राहायचा, तळवा मातीला टेकवून. एक माणूस जरी असा बसला तरी विषय तिथंच मिटायचा. पाणी भरताना आत्या गुणगुणायची:

पाण्याला पुसलं, पाणी बोलेना
दगडाला पुसलं, दगड हलेना
एकाही जिवाचं मन जिथं नाही
तिथं पाऊल पुढं टाकू नये बाई

त्या दिवशी बैठकीतला विषय मीच होते. पोरीला खालच्या शाळेत घालायचं का? सगळे बोलले. एक म्हातारा तेवढा बोलला नाही. त्याचा मुलगा शाळेला गेला होता तो परत आलाच नव्हता. त्याची पाच बोटं मातीत मुळांसारखी रुतलेली मला दिसली. मी पुढची दोन वर्षं घरी राहिले. त्या तळव्याला मी कधी माफ केलं नाही.

आज मी जमीन कार्यालयात दुभाषी आहे. आमच्या लोकांचं बोलणं इथल्या अधिकारी मॅडमना त्यांच्या भाषेत सांगते, मॅडमचं आमच्या लोकांना. खिडकीतून बोअरची गाडी दिसते. चार दिवस झाले, उताराच्या पायथ्याशी उभी आहे. ताडपत्रीखालून तिचं लोखंड थोडं बाहेर आलंय. कोणी तिच्याकडे बघत नाही, आणि कोणी तिच्या बाजूनं जातही नाही.

मॅडम वाईट नाहीत. वाईट असत्या तर सगळं सोपं झालं असतं. पहिली पुस्तकं मला त्यांनी दिली. बायकांच्या नावावर जमीन झाली ती त्यांनी वरिष्ठांशी भांडून करवली. अकरा वर्षांपूर्वी याच कार्यालयाच्या सभागृहात त्या आमच्या साठ माणसांपुढं उभ्या राहिल्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"आता कुणी कुणाला विचारायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "उतार सगळ्यांचा नाही, प्रत्येकाचा. ज्याचा तुकडा त्याचा निर्णय. बाईचा बाईनं घ्यायचा. कुणाची हरकत?"

मी शब्दन् शब्द सांगितला. आमची माणसं एकमेकांकडे पाहून खुर्च्यांवरून उठली, फरशीवर बसली, तळवे टेकवले. साठ तळवे. एवढी चूप मी झऱ्यावरही कधी ऐकली नव्हती.

"किती साधी माणसं!" मॅडम हळूच मला म्हणाल्या. "खुर्चीत अवघडतात गं." आणि त्यांनी वहीत लिहिलं: हरकत नाही.

मी बघत होते. वीस-बावीस वर्षांची, नवी दुभाषी होते मी. फरशीवरच्या त्या साठ तळव्यांत मला म्हाताऱ्याचा तो एकच तळवा दिसत होता.

मग कुंपणं आली, कुलपं आली. झऱ्यावरची बैठक मोडली. विचारायचं कुणाला आणि कशाला? एकानं तुकडा विकला, तो बघून दुसऱ्यानं. टोकाच्या तुकड्यावरची काकू गेली ते तिसऱ्या दिवशी कळलं. शेजाऱ्याला दार बंद दिसलं होतं. "तिचं दार, तिची मर्जी," तो म्हणाला, आणि म्हणताना स्वतःच दचकला. अठरापैकी सात घरं उरली.

त्या सातांचं कार्यालयाबद्दल एकच मत. आत्या ते एका वाक्यात सांगायची: "आपण नाही म्हटलं ते त्यांनी ऐकलं, आणि ऐकून तुडवलं." हे ऐकलं की मी चहा ठेवायला उठायची.

आज प्रश्न झऱ्याचा, म्हणून सातही घरं कार्यालयात आली होती. तेवढाच सामाईक उरला होता. आता त्याचेही अठरा समान हिस्से पाडायचे होते. निघून गेलेले अकरा हिस्सेदार बोअरवाल्या कंपनीला विकायला आधीच तयार. आज शिक्का पडला की उद्या ताडपत्री निघणार.

आतेभाऊ दारातच उभा होता. त्याला सगळे रेडिओ म्हणतात.

"मॅडम, उरका ना लवकर! त्या बोअरवाल्यांबरोबर चहा पिऊन पिऊन माझं पोट नगारा झालंय."

"याला पोटात बॅटरी घालूनच जन्म दिला मी," बाकावरून आत्या म्हणाली. "बटण बसवायचं राहिलं."

सातही घरं हसली. रेडिओसुद्धा हसला, पण आईच्या नजरेला नजर न देता.

मॅडम आत्याजवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला. "आजी, अठरावा हिस्सा तुमचा. तुमच्या एकटीचा. ठेवा, विका, कुणी अडवणार नाही. काही हरकत?"

मी सांगितलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. गुडघा धरून ती बाकावरून उतरली आणि फरशीवर बसली. तळवा टेकवला. तिच्यामागं एकेक करून सगळे उतरले. पंख्याची घरघर तेवढी राहिली.

"अगं, उठव त्यांना. फरशी गार आहे," मॅडम म्हणाल्या. टेबलाशी जाऊन त्यांनी शाईच्या डबीचं झाकण काढलं. "नियमाप्रमाणे तीनदा विचारू. विचार."

दुसऱ्यांदा विचारलं. तळवे हलले नाहीत. शिक्का शाईवर दाबला गेला.

माझ्या खोलीचं दार माझ्या नावावर आहे. त्याची किल्ली पर्समध्ये होती. ते दार मला फार आवडतं; आतून लावलं की कुणाचा तळवा आत येत नाही. काकूचंही दार असंच होतं.

"विचार ना," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, शिक्का मारू नका." माझा आवाज मलाच परका वाटला. "त्या गप्प नाहीत. आमच्यात 'नाही' असंच म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी साठ जणांनी म्हटलं होतं."

शिक्का हवेत थांबला. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग कागदासारखा. "मग तेव्हा तू का बोलली नाहीस?"

"काय म्हणतेय ती?" आत्यानं विचारलं. "आणि तू काय म्हणालीस?"

मी आत्यासमोर फरशीवर बसले. फरशी खरंच गार होती.

"आत्या, त्यांनी तुमचं 'नाही' तुडवलं नाही. त्यांना ते कळलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. मला कळत होतं, आणि मी सांगितलं नाही. तुमची बैठक मोडावी असं मला वाटत होतं."