सदतिसावी

"बाकी पुसू नोको, आशा. उत्तर चुकलं त कुठं चुकलं, थे बाकीच सांगते."

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. तरी पाटीवर ओलं बोट फिरवायला निघालेल्या लेकीचा हात धरणारा तो आवाज आशालताबाईंच्या कानातून गेला नव्हता. त्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका शाळेत अतिथी शिक्षक होत्या, सातवीचं गणित त्यांच्याकडे. दरसाल नवा आदेश निघाला तर नोकरी, नाही तर घर. त्यांनी कधी पोरांवर हात उचलला नाही की आवाज चढवला नाही. पोरं आपसात त्यांना 'गाय मॅडम' म्हणत.

विभाज्यता त्या मैदानात शिकवत. वर्गात छत्तीस पोरं. दोन रांगा करा, तीन करा, चार करा, नऊ करा, कुणी उरत नसे. छत्तीसचे विभाजक पोरांच्या पायांनाच पाठ झाले होते. मग ऑगस्टात उकवा गावाहून समीक्षा आली आणि हजेरी सदतीसवर गेली.

बाईंना आनंदच झाला. सदतीस! एकानं आणि स्वतःनंच भाग जाणारी संख्या. ती फळ्यावर कशाला सांगायची, मैदानातच दाखवू. त्याच दोन, तीन, चार, नऊ रांगा केल्या की आता एक जण बाहेर राही, आणि हजेरीत शेवटचं नाव समीक्षाचं, म्हणून बाहेर तीच.

"शेष कितना?" बाई विचारत.

"एक!" छत्तीस तोंडं ओरडत.

त्या ओरडण्यात बाईंना आपल्या शिकवण्याचं यश ऐकू येई.

समीक्षाचं नाव 'शेष', म्हणजे बाकी, पडलं. पाठीत पेन्सिलीची टोकं टोचू लागली. मधल्या सुट्टीत हापशावर पाणी प्यायला वाकली की मागून कुणी तरी मान दाबे, आणि तोंड लोखंडावर आपटे. एकदा ओठ फुटून आली. बाईंनी विचारलं, "काय झालं वं?"

"पडली, मॅडम."

बाईंनी ते खरं मानलं. खरं मानणं सोयीचं होतं.

परिमेय संख्या सुरू झाल्या त्या दिवशी बाईंनी फळ्यावर सदतीस भागिले चार मांडलं. आता बाकी टाकून द्यायची नाही, तिचेही भाग करायचे, एवढंच त्यांना सांगायचं होतं. तेवढ्यात अनुराग उभा राहिला. धानाच्या मिलवाल्याचा पोरगा, अंगानं वर्गात सगळ्यांत थोराड.

"मॅडम, मतलब शेष के भी चार टुकडे?"

वर्ग खदखदला. बाईही हसल्या. "हौ, गणित में कट जाता है," म्हणाल्या, फळ्यावर नऊ पूर्णांक एक छेद चार हे उत्तर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मधल्या सुट्टीत चौघांनी समीक्षाला हापशामागं पाडलं. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय. डावा हात अनुरागकडे होता.

"खींचो बे! नौ सही एक बटा चार!"

चौघांनी चार दिशांना जोर लावला. पोरगी किंचाळली तशी भोवतालची पोरं टाळ्या वाजवून मोजू लागली, एक, दो, तीन. तिच्या खांद्यातून वाळलेली काडी मोडल्यासारखा आवाज आला. दचकून तिघांची पकड सुटली. अनुरागनं सोडलं नाही. समीक्षानं उजव्या हातानं खिशातला कंपास काढला आणि त्याच्या पंजात घातला. टोक आरपार गेलं. उपसून तिनं पुन्हा घातला. तिसरा वार त्याच्या गालात बसला, आणि रक्त त्याच्या दातांवरून ओघळलं.

बाई धावत आल्या तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच, तळहात धरून कोसळलेला पोरगा आणि कंपास घेतलेली पोरगी. आयुष्यात न उचललेला हात त्यांनी उचलला आणि अंगातल्या सगळ्या ताकदीनिशी समीक्षाच्या कानशिलात हाणला. पोरीचं डोकं हापशाच्या दांड्यावर आदळलं. ती खाली बसली, रडलीसुद्धा नाही. मग बाईंची नजर तिच्या डाव्या हाताकडे गेली. तो खांद्यातून लोंबत होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

संध्याकाळच्या आत हेडमास्तर शालिकराम सरांनी कागद तयार ठेवला होता. छात्रा ने अकारण हमला किया. सकाळी दहाला पालकांची बैठक, समीक्षाला टीसी, आणि साक्षीदार म्हणून बाईंची सही.

"अकारण, सर?"

"मॅडम, तुमचं नाव यात कुठंच नाही आलं." सर हळूच बोलले. "मिलवाले मले सुखानं जगू देतीन का? आन् तुमचा पुढचा आदेश माह्याच सहीनं जाते. कागद घरी न्या, सकाळपर्यंत सोचून घ्या."

दवाखान्यात डॉक्टरनं हाड बसवलं तेव्हा समीक्षाची किंकाळी व्हरांड्यापर्यंत आली. बाई आत गेल्या. पोरीच्या गालावर त्यांची चार बोटं उमटली होती. तिची आई शेवंताबाई पोरीच्या शिक्षणापायी उकवा सोडून शहरात आली होती, लोकांची धुणीभांडी करत होती.

"मॅडम, हिले तुमी मारलं?"

"हौ."

"काहून?"

समीक्षानं डोळे उघडले. "मॅडम, आता रांगेत मी कुठी उभी राहू?"

तिथं बाईंना त्या छत्तीस तोंडांचं ओरडणं पुन्हा ऐकू आलं, आणि त्याआधीचा स्वतःचा प्रश्नही. "हा खेळ माह्या वर्गातून निघाला," त्या म्हणाल्या. "टुकड्यांवर मीच हसली होती."

शेवंताबाईनं पोरीच्या अंगावरची चादर सारखी केली. "हे उद्या सगळ्यायसमोर सांगसान? का इथंच?"

"सगळ्यायसमोर सांगीन. समीक्षाच्या बाजूला उभी राहून."

सकाळी आशालताबाईंनी तुळशीला पाणी घातलं, पोथीचा रोजचा अध्याय वाचायला बसल्या. पान उलटताना उजवा तळहात अजून हुळहुळत होता. अध्याय पुरा केला. मग सरांच्या कागदावरचा 'अकारण' एका रेघेनं खोडला. मागच्या कोऱ्या बाजूवर मैदानातल्या रांगा, आपला प्रश्न, आपलं हसणं आणि आपली थप्पड, सगळं क्रमानं लिहिलं, खाली पूर्ण नाव घातलं.

चपला घालून त्या शाळेकडे न वळता आधी शेवंताबाईच्या खोलीकडे निघाल्या; दवाखान्यानं समीक्षाला रात्रीच घरी सोडलं होतं. पोरीला हाताला धरून न्यायचं होतं, उजव्या हाताला.