बारा व्होल्टची बाजू

इन्व्हर्टरवर चारच गोष्टी होत्या. भावोजींना ऑक्सिजन देणारे यंत्र, साडेतीनशे वॅट. दोन पंखे, पंच्याहत्तर-पंच्याहत्तर. एक ट्यूबलाइट, वीस. एकूण पाचशे वीस. बाल्कनीत उकिडवे बसून वायरमनने ही बेरीज तिसऱ्यांदा केली. बेरीज बरोबर होती. पहिल्यांदा केली तेव्हाही बरोबरच होती.

त्याच्या पाठीमागे ताई बॅटरीवाल्यावर तोंडसुख घेत होती.

"काल माणूस निळा पडला होता माझा! वीज काय गेली, थोड्या वेळात यंत्रही गप्प. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून दोन जिने उतरवून दवाखान्यात नेलं यांना. कसली बॅटरी गळ्यात मारलीत?"

"बाई, बॅटरी नवीकोरी आहे. बघू तर द्या."

"बघा की. पण वायरिंगवर ढकलू नका हं. ते माझ्या भावाने केलंय. डोळे झाकून हात लावा."

आतल्या पलंगावरून, नाकाला नळी लावलेले भावोजी म्हणाले, "डोळे झाकून नको गं, शॉक बसेल त्यांना." आणि आपल्याच विनोदावर हसताना त्यांना धाप लागली.

वायरमनने मान वर केली नाही. त्याच्या हातात वितळून काळा पडलेला सांधा होता. चूक त्याला आल्या आल्याच दिसली होती. बॅटरीचा वास घरात नको म्हणून ताईने ती बाल्कनीत ठेवायला लावली. इन्व्हर्टर आतच राहिला, आणि सोबत आलेली जाड केबल तिथवर पुरेना. मग त्याने पिशवीतली घरगुती वायर जोडून दिली. हिशेब केला नव्हता असे नाही. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. पाचशे वीस भागिले दोनशे तीस, म्हणजे सव्वादोन. ही वायर तर वीस सहज सोसते.

तीस वर्षे तो दोनशे तीसनेच भागत आला होता. भिंतीतल्या वायरीला तोच भागाकार लागतो. ही वायर मात्र भिंतीतली नव्हती. ती बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मधली होती, आणि बॅटरी बारा व्होल्टची. पाचशे वीस भागिले बारा, त्रेचाळीस. इन्व्हर्टर स्वतः खातो ते पाच-सहा आणखी वेगळे. आजवर वीज पाच-दहा मिनिटेच जायची. तेवढ्यात वायर नुसती तापायची आणि निवायची. काल ती तासभर गेली, आणि सांधा वितळला.

बॅटरीवाला शेजारी वाकला. त्याने सांधा पाहिला, वायर चिमटीत धरून तिची जाडी पाहिली, मग वायरमनकडे पाहिले. तो उठला.

"बाई, बॅटरी बदलून देतो. निघतो एखादा नग खराब."

"आता कसे आलात वळणावर!" ताई म्हणाली.

वायरमनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नवी बॅटरी येईल, त्याच वेळी आपण गुपचूप जाड केबल टाकू, विषय संपेल. त्याला हायसे वाटले. आणि हायसे वाटले याचीच त्याला इतकी लाज वाटली की हातातली वायर कुठे ठेवावी ते सुचेना.

"ताई, बॅटरी चांगली आहे."

"तू गप्प रे, छोट्या. जगाची भीड तुलाच."

"वायर मी बारीक टाकली. बाराने भागायचं होतं, मी दोनशे तीसने भागलं."

"म्हणजे काय ते नीट सांग."

"म्हणजे भावोजींना खुर्चीतून खाली न्यावं लागलं ना, ते माझ्यामुळे."

"एवढा राग होता तर तोंडावर बोलायचं, मेहुणे," भावोजी म्हणाले. कोणी हसले नाही.

ताई आत गेली. पाण्याचा एकच पेला घेऊन आली आणि तो तिने बॅटरीवाल्याच्या हातात दिला.

केबल बॅटरीवाल्याच्याच गाडीत होती, अंगठ्याएवढी जाड. दोघांनी मिळून ती टाकली. वायरमनने तिची टोके पक्की आवळली, पुन्हा उघडून पाहिली, पुन्हा आवळली. ऑक्सिजनचे भरलेले नळकांडे ताईने दवाखान्यातून मागवून पलंगाजवळ उभे केले. मग वायरमनने मेन स्विच बंद केला. यंत्र, दोन्ही पंखे आणि दिवा, सगळे इन्व्हर्टरवर चालू लागले.

ताई बाल्कनीत आली, खाली बसली आणि केबल मुठीत धरून राहिली.

"गार आहे ताई."

"कळतंय मला."

तिने मूठ सोडली नाही. उन्हाची तिरीप कठड्यावरून सरकत तिच्या पायांपाशी आली, तरी ती तशीच बसून होती. वायरमन दारात उभा होता. बस, असे त्याला कोणी म्हटले नाही, आणि त्यालाही बसावेसे वाटले नाही.

अखेर बॅटरीवाल्याने तिच्या मुठीच्या थोडे पुढे, केबलभोवती मीटरचा चिमटा अडकवला.

एकोणपन्नास अँपिअर.