दुकानात माणसं किती?

संस्थेत तिला सगळे आकडेबाई म्हणत. साथीने छोट्या धंद्यांचं काय केलं याचा अभ्यास तिथे चालला होता, आणि चारशे बारा शिंप्यांना फोन करून एकेकाचा फॉर्म भरायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. पडलं म्हणजे तिनेच हौसेनं मागून घेतलं होतं. पण उत्तरं सगळी एकाच साच्यातली, साथीनंतर काम निम्म्यावर आलं. शेवटच्या आठवड्यात एक शिंपी मात्र म्हणाला, "दुप्पट झालं."

"त्याची ऐकण्यात नाहीतर सांगण्यात चूक झाली असणार," अभ्यासाचे प्रमुख असलेले सर म्हणाले. "वगळा तो फॉर्म."

"एक दिवस द्या, सर. जाऊन बघून येते."

"चारशे अकरा जण एक सांगताहेत आणि तुम्हाला त्या एकाचा पुळका!" सर कुरकुरले, पण दिवस दिला.

दुकान दोन इमारतींच्या मधल्या बोळात होतं. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत एवढंच. छतापासून विजारीच विजारी लोंबत होत्या, प्रत्येकीला चिठ्ठी टाचलेली. एका मशिनवर मास्तर, गळ्यात टेप नि कपाळावर चष्मा. दुसऱ्या मशिनवर त्यांची बायको, ओठांत टाचण्या धरून.

"मास्तर, दुप्पट म्हणालात ते खरं?"

"खोटं कशाला बोलू? मोजा की!" मास्तरांनी वर बोट दाखवलं. "पहिलं दीड वर्ष माशा मारल्या. समारंभ नाहीत, तर कोट कोण शिवणार? मग ऑफिसं उघडली. लोकांनी कपाटातून पँट काढली आणि बटण काही काजापर्यंत पोचेना! दीड वर्ष वरून शर्ट, खालून पायजमा. मालकाचं काय झालंय हे पँटला बिचारीला कळणार कसं?"

आकडेबाईला हसू आवरेना. मास्तरांना आणखी चेव आला.

"नवी शिवायला खिसा परवानगी देत नाही, मग जुनीच सैल करा. कुणाला दोन बोटं, कुणाला चार. एक साहेब म्हणाले, धुताना आटली. मी म्हटलं, हो साहेब, हल्लीचं पाणीच तसलं."

"नवे कपडे सोडून नुसती दुरुस्ती करायची, हे तुम्हाला कसं सुचलं?"

मास्तर एकदम सुई ओवण्यात गुंतले. काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "सांगा की."

"हिला सुचलं," मास्तर पुटपुटले.

आता एकच प्रश्न उरला होता. फोनवर उत्तर मिळालेलं होतं, तरी तिने खात्रीसाठी वाचला. "दुकानात काम करणारी माणसं किती?"

"एक," मास्तर म्हणाले.

दुसरं मशिन थांबलं. "एक कोण?"

"अगं, त्या कामाची माणसं विचारताहेत."

"मग मी काय सकाळी नऊपासून इथे वारा खायला बसते? साथीत कारागीर घरी गेला तो परतला नाही, तेव्हापासून हे मशिन माझं. यातल्या निम्म्याहून जास्त माझ्या हाताखालून गेल्यात." काकू आकडेबाईकडे वळल्या. "पोरी, तू लिही. दोन!"

तिने 'एक' खोडून 'दोन' लिहिलं. परतताना बसमध्ये तिच्या जिवाला चैन नव्हतं. बाकीच्या चारशे अकरा ठिकाणीही फोन पुरुषांनीच उचलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने पुन्हा फोन लावायला घेतले. "घरातलं आणखी कुणी दुकानात बसतं का?"

"छे हो, मी एकटाच," पहिला शिंपी म्हणाला.

"कोण एकटा?" मागून आवाज आला. "द्या इकडे तो फोन!"

आठवडाभर हेच. कुठे बायको निघाली, कुठे बहीण, कुठे वहिनी, एके ठिकाणी तर काज करणारी सत्तरीची सासू. दोनशेहून अधिक दुकानांत अशी न मोजलेली बाई होती. आणि ज्यांनी कोटांची वाट बघत न बसता पिशव्या, मास्क, दुरुस्ती असं काहीतरी नवं धरलं होतं, त्या दुकानांत तर ती बहुतेक ठिकाणी होतीच.

सरांनी कागद दोनदा वाचले. "हा प्रश्न फॉर्ममध्ये आधीच नीट का नव्हता?"

"फॉर्म तुम्ही केला होता, सर."

सर खो खो हसत सुटले. "बरं बाई, नवा फॉर्म तुम्ही करा. पुढची फेरीही तुमच्या ताब्यात. राहिलेले नंबर मात्र वाटून घेऊ, वीस मला द्या."

अर्ध्या तासाने सरांच्या खोलीचं दार उघडलं. फोन कानाला लावून सर दारात उभे होते. "हो ताई... नाही, चूक आमचीच... नाही नाही, ठेवत नाही, सांगा तुम्ही सावकाश," असं म्हणत त्यांनी आकडेबाईला खूण केली. लिहून लिहून त्यांच्या पेनातली शाई संपली होती.