बाईंची चाळणी

सोमवारी सकाळी आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी माझ्या टेबलावर अहवाल आपटला. "बाई, सही करा. उद्या आठला औषध सुरू करायचंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकवीस वर्षं मी रक्ताच्या कर्करोगात जनुकं कुठे बिघडतात ते शोधतेय, आणि या गृहस्थांच्या लेखी मी अजून रबरी शिक्का!

अहवाल एका शिंपिणीचा होता, वय बेचाळीस. धाकट्या भावाची मज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतला रक्त बनवणारा गर, तिला जुळली होती. उद्याच्या औषधाने तिची स्वतःची मज्जा मारून टाकायची आणि मग भावाची चढवायची. ते औषध एकदा अंगात गेलं की मागे फिरणं नाही.

आमची पद्धत सोपी आहे. रुग्णाचं रक्त तपासतो आणि कातडीचा इवलासा तुकडाही. बिघाड फक्त रक्तात असेल तर तो कर्करोगाचा. दोन्हीकडे असेल तर जन्मापासूनचा, म्हणून निरुपद्रवी समजून संगणक तो गाळून टाकतो. या युक्तीला सगळे 'बाईंची चाळणी' म्हणतात. बाई म्हणजे मी. भिंतीवरची सगळी मानपत्रं तिच्यामुळेच मिळालेली.

मी अहवाल बाजूला सारला आणि गाळलेली यादी उघडली. माझी ती सवय आहे, साहेब तिला कचरा चिवडणं म्हणतात. सातव्या ओळीवर बोट थांबलं. रक्त तयार करणाऱ्या एका जनुकात मोडतोड, आणि ती कातडीतही. अर्जावर लिहिलं होतं: वडील, रक्ताचा कर्करोग.

"हा बिघाड घराण्यातून आलेला असणार," मी म्हणाले. "भावातही असला तर त्याची मज्जा देऊन तिला तोच रोग पुन्हा देऊ आपण. आधी त्याचं रक्त तपासा."

"आता? सगळं ठरल्यावर?"

"सहा वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं मी तुम्हाला! चाळणी बदला म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, जुने अकराशे अहवाल कोण उघडणार? वर लोक आपल्याला फाडून खातील!"

"आवाज खाली, बाई."

"नाही करणार. आणि सहीही नाही करणार."

सहीशिवाय औषध सुरू होत नाही. साहेब पाय आपटत गेले. मी स्वतः वॉर्डात जाऊन भावाचं रक्त घेतलं. तो बसड्रायव्हर, ड्यूटीच्या कपड्यांतच बाहेर बाकावर बसला होता. "घ्या की मॅडम, हवं तेवढं घ्या," म्हणाला, "ताईसाठी तर बसलोय इथं." एकच जनुक बघायचं होतं. चारला उत्तर आलं. त्याच्यातही तीच मोडतोड.

डॉक्टरांनी उद्याचं औषध रद्द केलं. आता बाहेरचा दाता शोधायचा, आणि तो मिळेपर्यंत ताई तग धरेल की नाही हे कोणीच सांगू शकत नव्हतं. मी खाली जाऊन भावाला सगळं समजावलं. खरं सांगायचं तर मनातून मी जिंकले होते. साहेबांचं नाक कापलं होतं ना!

त्याने बाकाखालची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाला, "बाबांचीही तपासणी इथेच झाली होती, मॅडम. चार वर्षांपूर्वी."

त्याने पिशवीतून जुनी फाइल काढली. तो कागद मी पाहताक्षणी ओळखला. 'घराण्यातून आलेला दोष आढळला नाही.' गाळलेली यादी मी त्या दिवशीही चिवडली असणार. सातव्या नाही तर नवव्या ओळीवर, पण ती मोडतोड तिथे असणारच. साहेबांनी सहा वर्षांपूर्वी नाही म्हटलं आणि मी मूग गिळून बसले. रोज चिडत होते आणि रोज सह्या करत होते. त्याच वेळी भावाबहिणीला तपासलं असतं, तर तिचा आजार कितीतरी आधी हाती लागला असता.

"ही सही कोणाची?" त्याने विचारलं.

"माझी."

तो ओरडेल असं वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कागद नीट घडी घालून माझ्या हातात दिला.

"ताई जागी आहे," तो म्हणाला. "तिला तुम्हीच सांगा."