मंगळ झालेला डेरा

मित्रांनो, पाण्याचा डेरा तुमच्या घरी असेलच. शाळेतून आलात की तुम्ही दप्तर टाकता, झाकण सरकवता, तांब्या बुडवता आणि घटाघटा पाणी पिता. पिऊन झाल्यावर डेऱ्याकडे वळूनही बघत नाही. मीही त्याच जातीचा, पोटाने मोठा, मानेने आखूड आणि आता पुष्कळ जुना झालेला डेरा आहे. माझ्या भाऊबंदांनी जन्मभर पाणीच सांभाळले. मला मात्र वर्षभराहून जास्त काळ मंगळ व्हावे लागले. आभाळातला तांबडा मंगळ, तोच. हे मी फुशारकीने सांगतोय असे वाटले तर वाटू द्या, कारण थोडी फुशारकी त्यात आहेच.

नदीकाठच्या एका गावात भीमा कुंभाराने मला घडवले. नदीचा गाळ, राख आणि लीद मळून त्याने मला चाकावर उभा केला आणि थापीने हलके हलके मारत माझे पोट वाढवले. भट्टीतून निघालो तेव्हा माझा रंग असा लालभडक होता, की शेजारची मडकी माझ्यापुढे फिकी दिसत होती. भीमा कौतुकाच्या बाबतीत फार कंजूष माणूस. तो एवढेच म्हणाला, "ह्यो टिकंल." लंकाबाईने बोटाच्या पेराने मला टकटक वाजवून पाहिले, कान लावून आवाज ऐकला आणि सूपभर ज्वारी देऊन मला घरी नेले. लंकाबाई उंच, काटक आणि तोंडाने फटकळ बाई. नवरा लवकर गेलेला, छगन हा एकुलता एक मुलगा. त्या घरात मी अनेक उन्हाळे पाणी गार केले. पाहुणे पाणी पिऊन "आहा" म्हणत तेव्हा मला गुदगुल्या व्हायच्या.

मग धरण आले. गाव पाण्याखाली जाणार म्हणून सरकारने पारनेरच्या बाजूला एका उघड्या माळावर जागा दिली. आमच्या गावची एक रीत होती. घर हलवायचे तर पाण्याचा डेरा भरून सर्वांत आधी गाडीत ठेवायचा. डेरा उचलला म्हणजे घर उठले, आणि डेरा जागेवर आहे तोवर घर आहे. माणसे बाहेरगावी असली तरी हरकत नाही. त्या रीतीप्रमाणे मी नदीचे शेवटचे पाणी पोटात घेऊन, लंकाबाईच्या मांडीला टेकून माळावर आलो.

काय तो माळ! तांबडा मुरूम, दगडगोटे आणि दिवसभर वारा. सावलीला एक झाड नव्हते. पहिल्या वर्षी छपराचे पत्रे उडाले, ते छगन दूरच्या ओढ्यातून शोधून आणायचा. बायका नदीची आठवण काढून रडायच्या. लंकाबाईही रडायची, पण भाकरी थापता थापता, म्हणजे कामाचा खोळंबा होत नसे. पुढे सगळ्यांनी मिळून विहीर खणली. तिला पाणी लागले त्या दिवशी छगन चिखलाने माखलेल्या अंगाने घरात धावत आला आणि त्याने नव्या विहिरीची पहिली घागर माझ्यात ओतली. तो दिवस आठवला की मला अजूनही भरून येते.

जुन्या डेऱ्याची छिद्रे बुजतात आणि तो पाणी गार करीनासा होतो. माझेही तसेच झाले. शिवाय पोटाला एक लांब तडा गेला होता. त्यातून पाणी झिरपायचे नाही, पण दिसायला वाईट दिसायचा. मग सोनईच्या बाजारातून नवा डेरा आला आणि मी वळचणीला गेलो. माझ्यात हुलगे ठेवले, ते संपल्यावर काहीच ठेवले नाही. एक कोंबडी तेवढी विचारपूस करायला यायची.

अशात १९७१ चा श्रावण आला. पाऊस नव्हताच, त्यामुळे आभाळ स्वच्छ होते. दिवस मावळला की पूर्वेकडे एक मोठा, निखाऱ्यासारखा लाल ठिपका वर यायचा. वस्तीवरच्या पत्र्याच्या शाळेत मोहियोद्दीन मास्तर होते. मूळचे खर्ड्याचे, बारीक अंगाचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी मुलांना आणि मुलांच्या मागे आलेल्या आयांना तो ठिपका दाखवून सांगितले, की तो मंगळ आहे, यंदा तो पृथ्वीच्या फार जवळ आला आहे, आणि माणसाने एक ना एक दिवस तिथे जाऊन राहिले पाहिजे.

वस्ती हसली. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे नाव मंगळे मास्तर पडले. मास्तरांना त्याचे काही वाटले नाही. ते लंकाबाईच्या दारात आले आणि वळचणीकडे बोट दाखवून म्हणाले, "मावशी, तो डेरा शाळेला द्याल का? मुलांसाठी मंगळ करायचा आहे. रंगसुद्धा आयता आहे."

शेजारणी कुजबुजल्या, की लग्नाच्या पोरी असलेल्या वस्तीत मंगळ कशाला आणायचा? लंकाबाईने त्यांच्याकडे वळून पाहिले. "पत्रिकेत नसला म्हंजी झालं. शाळंत असला तर कुनाचं काय जातंय?" मग मास्तरांना म्हणाली, "न्या. पर आमच्या घराचा डेरा हाय त्यो. मागंल तवा परत द्यायचा."

मास्तरांनी मला गवताच्या चुंबळीवर पालथा ठेवला. जन्मात पहिल्यांदा मी डोक्यावर उभा राहिलो. माझ्या बुडाला चुना लावून त्यांनी ध्रुवावरचा बर्फ केला, काजळीने काळे डाग काढले आणि माझा तडा चुन्याने लिंपून झाकला. मुले रोज माझ्याभोवती गोळा व्हायची. कालपर्यंत कोंबडीशिवाय कोणी नव्हते आणि आता एवढी वर्दळ. मी मनातल्या मनात फुगत होतो, हे कबूल करतो.

त्याच वर्षी दिवाळीनंतर अमेरिकेचे एक यान मंगळापाशी पोहोचले. एसटीने एक दिवस शिळे होऊन येणारे वर्तमानपत्र मास्तर मोठ्याने वाचून दाखवायचे. पण यानाला काही दिसेचना. सगळा मंगळ धुळीच्या वादळात बुडालेला. हे ऐकून कुंपणापाशी उभी असलेली लंकाबाई म्हणाली, "मंग आपल्यावानीच हाय की तिथं." त्या दिवसापासून ती रोज विचारायला यायची, धूळ बसली का.

धूळ बसली. मग एकेक बातमी येऊ लागली. प्रचंड डोंगर, कोरड्या पडलेल्या नद्यांच्या पात्रासारख्या खुणा, आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या अंतराहूनही लांब अशी दरी. मास्तरांनी ते चित्र पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि नखाने खरवडून माझा तडा मोकळा केला. ज्याची मला लाज वाटत होती तीच माझी सर्वांत मोठी दरी ठरली. लंकाबाई मात्र कोरड्या नद्यांपाशीच अडली. "नद्या कुनी नेल्या तिथल्या?" तिने विचारले. मास्तर म्हणाले, "ते अजून कोणालाच माहीत नाही, मावशी. तिथे जाऊनच बघावे लागेल."

पुढचे साल बहात्तर. त्या सालाचे मी तुम्हाला काय सांगू? मृग गेला, आर्द्रा गेल्या, हस्तसुद्धा कोरडा गेला. विहिरीच्या तळाशी सकाळी घागरभर पाणी साचायचे. घरे एकामागून एक उठू लागली. डेरे गाड्यांत चढू लागले. ज्या मुलांनी मला रंगवायला काजळी आणली होती, ती मुले मला हात लावून निरोप घेऊन जायची. दसऱ्यानंतर छगननेही ठरवले. श्रीरामपूरकडे कारखान्यावर काम होते. तिकडेच कायमचे राहायचे, पत्रे काढून न्यायचे, आईलाही न्यायचे. त्याने बैल जुंपले आणि रीतीप्रमाणे सर्वांत आधी मला न्यायला तो शाळेत आला; पाणी नव्या डेऱ्यात असले तरी घराचा डेरा मीच होतो. लंकाबाई त्याच्या मागून येऊन दारात उभी राहिली. छगन कष्टाळू होता आणि विहिरीचा गाळ काढायला तोच उतरायचा. तो गेला की उरलेली घरेही उठणार, शाळा बंद पडणार आणि माळ पुन्हा पहिल्यासारखा उघडा होणार, हे सगळ्यांना दिसत होते.

मास्तर तेव्हा उरल्यासुरल्या मुलांना आणि चार मोठ्या माणसांना माझ्याबद्दल सांगत होते. छगन अदबीने मागे बसला. मास्तर म्हणत होते, "पृथ्वीवर जेवढी कोरडी जमीन आहे, जवळजवळ तेवढी मंगळावर आहे. दिवसही आपल्याएवढाच. श्वास घेण्याजोगी हवा नाही, तर बंद घरे बांधू. ध्रुवावर बर्फ आहे, तो वितळवू. शेतकरी सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवत नाही, मग माणसाचे बी तरी एकाच जागी का ठेवायचे? कठीण आहे, पण माणूस कठीण म्हणून थांबलेला नाही."

छगन उठला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मास्तर, राग मानू नका. ज्या मानसाला ह्या माळावर ऱ्हाता येईना, त्यानं मंगळावर कशाला जावं?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते म्हणाले, "छगनराव, तुम्ही इथे सोसलंय. मी फक्त वाचलंय. मला उत्तर सुचत नाही." मला त्या माणसाबद्दल तेव्हा जेवढा आदर वाटला तेवढा त्यांच्या कुठल्याही भाषणाने वाटला नव्हता.

दारातून लंकाबाई बोलली. "ऱ्हाता येईना कसं म्हनतोस, लेका? इतकी वर्सं ऱ्हायलो की. आन आपून काय मनानं आलो हुतो व्हय? धरनानं ढकललं, म्हनून आलो. रडत आलो, तरी हीर खनली, पोरांना शाळा केली. मास्तरची मानसं तर आपल्या मनानं जानार हाईत, समदं इचारून, तयारी करून. ढकललेली मानसं टिकली, मंग मनानं गेलेली का टिकनार न्हाईत? जावं मानसानं मंगळावर. म्या तर म्हनते, लई लांब जावं."

कोणी हसले नाही. लंकाबाई मुलाकडे वळली. "तू बी जा. म्या आडवी येत न्हाई. पर येक सांग मला. मनानं चाललास, का ढकलल्यावानी चाललास?"

छगन माझ्यापाशी आला आणि त्याने मला चुंबळीवरून उचलले. त्याच्या तळहातांना चुना आणि काजळी लागली. तो मला घेऊन दाराबाहेर गेला, गाडीजवळून गेला, पण थांबला नाही. थेट विहिरीवर गेला. मला सुलटा करून काठावर ठेवला आणि दोर सोडून त्याने तळाचे गढूळ घागरभर पाणी वर काढले. ते धोतराच्या सोग्यातून गाळून माझ्यात ओतले आणि मला उचलून परत शाळेत आणून ठेवले, या वेळी तोंड वर करून.

"ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या," तो मास्तरांना म्हणाला. "घर हलवत न्हाई. आमी नुसतं कामाला चाललोय. पाऊस पडला की येनार. तवर पोरांनी ह्यातलं पानी प्यावं."

मग तो आईकडे वळला. "तू येतीस का ऱ्हातीस?"

"डेरा हितं, तर म्या कुठं जानार?" लंकाबाई म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून घराकडे गेली.

मला वाटले होते की माझी छिद्रे कधीचीच बुजली आहेत. पण इतके महिने कोरडा राहिलो म्हणून असेल, मला थोडा पाझर फुटला. बुडाचा चुना भिजला, काजळीचे ओघळ आले, मास्तरांनी सांभाळून काढलेला नकाशा पुसट होऊ लागला. पुढे बसलेली एक लहान मुलगी म्हणाली, "मास्तर, मंगळाला पानी सुटलं." मास्तर इतके हसले, की त्यांना चष्मा पुन्हा पुसावा लागला. नकाशाबद्दल त्यांनी एका शब्दानेही हळहळ केली नाही.

छगन गेला. पण तो पत्रे न काढता गेला, हे वस्तीने पाहिले. मग आणखी दोन घरांनी आपले डेरे गाडीतून उतरवून शाळेत माझ्या शेजारी आणून ठेवले आणि मगच ती माणसे कामाला गेली. शाळा बंद पडली नाही.

मास्तरांची आता बदली झाली आहे. ते जिथे असतील तिथे मुलांना मंगळ दाखवत असतील याबद्दल मला शंका नाही. मी अजून शाळेच्या कोपऱ्यात आहे. अलीकडे मुले माझ्यात खडूचे तुकडे आणि कागदाचे बोळे टाकतात. मित्रांनो, ते टाकू नका, एवढे सांगण्याचा हक्क मला आहे.

तुमच्यापैकी कोणाला मंगळावर जायचे असेल तर त्याने किंवा तिने जरूर जावे. मी मातीचा आहे, मला इथून तालुक्यालाही जाता येणार नाही, पण माणसाचे पाय तिथल्या तांबड्या मातीत उमटावेत असे मला मनापासून वाटते. आणि जे मागे राहतील त्यांनी इथले पाणी सांभाळावे. ते काम लहान आहे असे समजू नका. छगन गेला त्या साली पौषात विहीर पूर्ण आटली. लंकाबाई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि टँकरच्या रांगेत उभी राहून पाणी आणायची. स्वतः पिण्याआधी ती शाळेत येऊन माझ्यात ओतायची, कधी तांब्याभर, कधी नुसती ओंजळ. पाऊस पडून छगनची गाडी माळावर दिसेपर्यंत तिने मला एक दिवसही कोरडा ठेवला नाही.