तळ्यावरचा नर

काळुराम गुरुजींना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण समोर माणूस दिसलं की त्यांचा तास सुरू व्हायचा. श्रावणातल्या एका रविवारी ते बायको शांती आणि मुलगा प्रणित यांना घेऊन अष्टमी गावाहून पेणजवळच्या एका गावी मुलगी बघायला गेले. प्रणित कंपनीत शिफ्टला होता. दिसायला उजवा, पण वडिलांसमोर तोंड उघडायची सवय नव्हती.

मुलगी अनिता. पेणच्या गणपती कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायची. हंगामात तिच्यावाचून तिथलं पान हलत नसे.

"तुम्हाला कसली आवड हाय?" तिने प्रणितला विचारलं.

"क्रिकेट," गुरुजी म्हणाले.

"मी लग्नानंतर काम सोडणार नाय. चालेल?"

"ते बघू पुढे," हेही गुरुजीच.

चहा झाला. हात धुवायला गुरुजी मागच्या पडवीत गेले, तर तळ्यात कमळाच्या पानांवर लांब शेपटीचे पक्षी. एक अंड्यांवर बसलेला. दुसरा, अंगाने थोराड, तिसऱ्यावर तुटून पडलेला. गुरुजींना आयता फळा मिळाला. त्यांनी हाका मारून सगळ्यांना बाहेर बोलावलं.

"बघा! आई अंडी उबवतेय, बाप घर राखतोय. निसर्गाचा नियम! माणसानेच सगळं बिघडवलं."

"गुरुजी, बसलाय तो नर हाय," अनिता म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"मी बघितलंय ना. ती थोराड हाय ती मादी. चार दिवस रोज एक अंडं घालून गेली, तेव्हापासून हाच बसतो. पिल्लं झाली की पंखाखाली घेऊन हाच फिरतो. तिचा दुसरा नवरा त्या कोपऱ्यात बसलाय. आता भांडतेय ती दुसऱ्या मादीशी."

अनिताच्या आईने, सीताबाईने, पदर तोंडाला लावला. शांतीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. ती खळखळून हसली.

"अपवाद!" गुरुजींचे कान लाल झाले. "मोर घ्या. कसा ऐटीत नाचतो!"

"नाचतो व्हय. लांडोर बघते. नाय आवडला तर चालू पडते."

आता प्रणितही हसला, आणि वडिलांची नजर पडताच गप्प झाला.

"कळवतो आम्ही," गुरुजी जड आवाजात म्हणाले.

"मीच सांगते. नाय," अनिता म्हणाली. "मुलगा वाईट नाय. पण विचारलं त्याला, उत्तरं दिलीत तुम्ही. मला लग्न कुणाशी करायचंय तेच कळलं नाय."

अष्टमीला परतल्यावर गुरुजींनी आळीभर सांगितलं, मुलगी फार आगाऊ, आम्हीच नाही म्हटलं. लोकांनी माना डोलावल्या. शांतीने मैत्रिणींना खरं काय ते सांगून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी प्रणित घरात दिसेना.

"पेणला गेलाय," शांती म्हणाली. "नवा शर्ट, केसांना जेल. सकाळी म्हणाला, आये, पोहे शिकव. दोनदा करपवले, तिसऱ्यांदा जमले. डब्यात घेऊन गेलाय तिच्यासाठी."

"आणि ती परत नाय म्हणाली तर?"

"तर पुढच्या रविवारी परत जाईल."

गुरुजी पाटावर टेकले. राग कुणावर काढावा ते त्यांना कळेना, आणि भूक तर लागली होती.

"तिसऱ्या खेपेचे उरलेत का गो?"

"नाय," शांती म्हणाली. "करपलेले हायत."